हकीकत आठव्या सोमवारची, आकारामरावांनी चिलापी धरिली त्याची

स्वस्ति श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमास, वार सोमवार. तिथी लिहावी तर दिनदर्शिकेवर नेमकी त्याच जागी चटणी सांडली आहे, सबब तिथी नाही. मुक्काम शिरोली, प्रांत करवीर. ऐसे जे की, थोरांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ जाहले, परंतु आमच्या गल्लीत जे रण माजले ते कोणी लिहावे, तर आम्हीच लिहावे, कारण आमचे घर समोर आणि खिडकी मोठी. जे डोळ्यांनी पाहिले ते जसेच्या तसे लिहिले आणि जे पाहिले नाही ते अधिक खात्रीने लिहिले. वाचणाराने शंका काढू नये. शंकेखोरास आमचे येथे चहा मिळत नाही.

तर राजमान्य राजश्री आकारामराव, मोल्डिंग खात्याचे सरदार, शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीचे जुने मानकरी. सहा दिवस भट्टीपुढे उभे राहोन लोखंडाचा रस ओतावा आणि घामाने सदरा पिळावा, आणि मग सोमवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, गळाची काठी घेवोन पंचगंगेच्या बंधाऱ्यावर बसावे, ऐसा त्यांचा शिरस्ता. पाणी गार, वारा गार, कोणी हाक मारीत नाही, एवढेच त्या माणसाचे सुख. यात आम्ही थट्टा करीत नाही. परंतु सात सोमवार गेले, सात मोहिमा जाहल्या, आणि हाती काय आले, तर एकदा चप्पल, एकदा कुणाच्या नवसाचा नारळ, आणि पाच वेळा काहीच नाही.

मग रविवारी तिन्हीसांजेस कुटुंब संयोगिताबाईसाहेब यांचे फर्मान सुटले. ते ऐसे की, उद्या मासा आला तर बरे. न आला तर सदरहू काठी जळमटे काढण्याचे कामी कायमची रुजू करावी, आणि खाविंदांनी दर सोमवारी घरी राहोन माळा आवरावा. पुरावा म्हणोन जुन्या झाडूचा मोडका दांडा हजर करण्यात आला.  रात्री आकारामरावांचे जेवण दोन घासांनी कमी गेले, ही खबर पक्की आहे.

आता दुसरे सरदार, शशिधरअप्पा. त्याच फौंड्रीत तपासनीस, घराणे लिंगायत, दर सोमवारी उपास, अंड्याचे नाव काढले तरी चूळ भरणारे. ऐसा पुरुष मासेमारीच्या मोहिमेत काय म्हणोन, तर गाडी त्यांची आणि मैत्री लहानपणापासूनची. त्यांचा तह आधीपासून ठरलेला होता की, आपण माशास शिवणार नाही, आणि मातोश्री शांतव्वा यांनी उपास सोडण्यासाठी दिलेल्या डब्यास माशाकडील कोणी शिवणार नाही. फर्मानाची वार्ता ऐकोन अप्पांनी मसलत दिली, ती त्यांच्याच शब्दांत नमूद करितो:

"आक्या, सात येळा हरलास न्हवं? पर शत्रू कसा असतोय, त्यो एकदा तरी जवळनं बघितलाईस का?"

तेच समयी कोल्हापुरात एका मैदानावर मत्स्यालय येवोन उतरले होते. काचेचे भुयार, वर पाणी, पाण्यात मासे आणि खालोन रयत, ऐसा थाट. मग सोमवारी सकाळी दोघे सरदार हेरगिरीस निघाले, आणि काठी गाडीस आडवी बांधिली असल्याने तावडे हॉटेलाच्या चौकात तीन स्वारांचे आरसे हलविले आणि पुढे गेले.

मत्स्यालयातील हाल काय वर्णावा! निळे मासे, पट्ट्यांचे मासे, एक मासा तर ऐसा चपटा की लाटण्याखालोन आल्यासारखा. आणि करवीरची रयत प्रत्येक काचेपुढे उभी राहोन एकच चर्चा करीत होती, ती ही की, हा रश्श्यास बरा की तव्यावर बरा. सोमवार असल्याने तोंडाने खावयाचे नाही, म्हणोन सर्व जण बोलोनच घेत होते. एक बाई तर रंगीत माशाच्या चिमुकल्या जोडीकडे बोट करोन, ह्यात नुसता काटाच निघेल, ऐसा निकाल देवोन पुढे गेल्या.

आकारामराव मात्र एका थोराड माशापुढे जे ठाकले ते हलेनात. मासा तोंड उघडी आणि मिटी. आकारामरावही उघडीत आणि मिटीत. हा संवाद काही काळ चालला आणि मग त्यांनी पहारेकरी बाळासो यांस गाठोन अर्ज केला की, ही जमात खाते काय? बाळासो सकाळपासोन उभे राहोन त्रासलेले. त्यांनी राज्याचे गुपित एका दमात सांडिले.

"काय बी खातंय वो, पावणं. सकाळी माझ्या डब्यातली पोळी पडली आत, तर समदी तुटून पडली तिच्यावर. पर काचंवर हात मारू नका की! किती येळा सांगायचं?"

हे ऐकताच आकारामरावांचे मुख उजळले आणि शशिधरअप्पांचे उतरले, कारण पुढील पोळी कोणाच्या डब्यातील, हे त्यांनी तेथेच ताडिले.

मग बंधाऱ्यावर मुक्काम पडला. दोन प्रहरपर्यंत गांडुळांची फौज कामी आली, परंतु शत्रूने ढुंकोन पाहिले नाही. ऊन कलू लागले. तेव्हा आकारामरावांनी डब्याकडे पाहिले आणि अप्पांनी डबा मांडीखाली घेतला. तहाचा दाखला देण्यात आला. आत शेंगापोळ्या आहेत, वर तूप आहे, अव्वाने पहाटे उठोन केल्या आहेत, सकाळपासोन पोटात पाण्याखेरीज काही नाही, ऐसे सर्व मुद्दे मांडण्यात आले, आणि ते सर्व रास्त होते. परंतु आकारामराव पाण्याकडे पाहात इतकेच बोलिले,

"शशी, काठी गेली तर सोमवारचं मी माळ्यावर बसू व्हय रं?"

आणि अप्पांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिले. सहा दिवसांची भट्टी त्या तोंडावर दिसत होती. मग त्यांनी डबा उघडिला, देवाचे नाव घेतले, एक पोळी मधोमध मोडोन अर्धी पुढे केली आणि स्वतः पाठ फिरवोन बसले. ऐसा मोठ्या मनाचा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही, आणि आम्हीही नाही.

गळ पडला. घटका न लोटते तोच दोरी ताणली, काठी वाकली आणि आकारामराव गुडघाभर चिखलात उतरोन गर्जना करिते जाहले. पाणी उसळले, एक पादत्राण पंचगंगेस अर्पण जाहले, म्हशी बुजल्या. लढाई दीड मिनिट चालली, परंतु बखरीत दीड मिनिटाची लढाई शोभत नाही, सबब चार घटका लिहितो. अखेरीस शत्रू बाहेर आला. वीतभर लांब, करड्या वर्णाचा, पाठीवर काट्यांचा तुरा. म्हशी धुणारे वृद्ध केरबा यांनी लांबोनच पाहोन सांगितले,

"चिलापी हाय. एवढ्यासाठी वरडालायसा व्हय?"

परंतु विजयी वीर कोणाचे ऐकतो! केरबांचीच बादली उसनी घेवोन, तीत चिलापी जिवंत ठेवोन, फौज एका चपलेनिशी शिरोलीस परतली. आम्ही खिडकीत होतोच. संयोगिताबाईसाहेब उंबऱ्यावर आल्या, बादलीत वाकल्या, आणि ऐसे बोलिल्या की बादलीतील पाणीही थिजले.

"आज सोमवार हाय की वो."

दोघे सरदार उभ्या जागी गार. सात मोहिमा जाहल्या, परंतु हा विचार कोणाचे चित्तास शिवला नव्हता, कारण मासा कधी आलाच नव्हता. सोमवार महादेवाचा, मंगळवार अंबाबाईचा. चूल दोन्ही दिवस शुद्ध. तेव्हा कैद्यास बुधवारपर्यंत अंगणातील अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात ठेवावे आणि बुधवारी निकाल करावा, ऐसे ठरले. काठीचा निकालही तोवर तहकूब.

मंगळवारी काय घडले, तर अप्पांकडोन पोळीची हकीकत शांतव्वांस कळली, आणि त्या माऊली तडक पिंपापाशी येवोन उभ्या राहिल्या. रागावतील ऐसे वाटले होते. परंतु उरलेली अर्धी पोळी कुस्करोन पिंपात टाकीत त्या म्हणाल्या, "आपल्या घरची पोळी खाल्लेली पावणी हाय ती. पावणीला कुणी कापतंय व्हय, संयोगिता?"  सायंकाळी संयोगिताबाईंनी पिंपातील पाणी बदलिले. हेही आम्ही पाहिले.

मग बुधवार उजाडला. नारळ फोडिला, मसाला वाटिला, विळी मांडिली. आणि वार्ता पसरल्याने गल्ली पिंपाभोवती लोटली आणि मत्स्यालयातील तीच चर्चा येथे सुरू जाहली, रस्सा की तवा, तवा की रस्सा, आणि कोणी एकाने पिंपावर टिचकी मारिली. तोच संयोगिताबाईसाहेब हाताचा मसाला न धुता बाहेर आल्या आणि कडाडल्या, "लांबनं बघा! पिंपावर हात मारू नका. दचकतिया ती!" मत्स्यालयात त्या गेल्या नव्हत्या, बाळासोंचे त्यांस नावही ठाऊक नाही. तो मसाला मग वांग्यांत भरिला.

जेवणे जाहल्यावर आकारामराव आपण होवोन काठी घेवोन आले. शब्द तो शब्द. मासा पानात आला नाही, हे त्यांस कबूल होते. काठी त्यांनी मोडक्या दांड्याशेजारी उभी केली आणि माळ्याची शिडी लावू लागले. तेव्हा बाईसाहेबांनी काठी उचलोन पुन्हा त्यांच्या हाती दिली आणि दुसरे फर्मान सुटले, ते येथे अक्षरशः उतरोन घेतले आहे:

"एकटीला करमंना झालंय तिला. म्होरल्या सोमवारी जोडीदार घिऊन या. आन् शांतव्वांस्नी सांगा, पोळ्या जास्तीच्या द्या म्हणावं."

येणेप्रमाणे आठव्या सोमवारची मोहीम फत्ते जाहली. काठी राहिली, सोमवार राहिला, चिलापी पिंपात नांदते आहे. केरबांची बादली परत करणे आहे. जळमटे होती तेथेच आहेत. आमच्या खिडकीतून स्वच्छ दिसतात.