बाकावरची उडी

मोठ्या गटात जायचं तर बाकावरून दोन्ही पायांनी खाली उडी मारता आली पाहिजे, असा त्या बालवाडीचा नियम होता. बाक जेमतेम दोन वीत उंच. एकोणीस मुलांनी धपाधप उड्या मारल्या. विसावी मुलगी बाकावर चढली आणि तिथेच उभी राहिली.

"अगं, सोप्पं आहे, हे बघ," म्हणत खेळाच्या बाई तिच्या शेजारी चढल्या आणि उडी मारून दाखवली. मुलगी जागची हलली नाही. मग मोठ्या बाईंनी चपला काढून उडी मारली. त्यांचा चष्मा उडाला, तो शिपाईकाकांनी उचलला, आणि आपणच कशाला मागे राहायचं म्हणून तेही चढले. बाक कुरकुरला. मुलीने प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या, पण उतरायचं नाव नाही.

शेवटी तिच्या बापाला फोन गेला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून शाळेचा फोन आला की आपलं काय चुकलं तेच तो आधी आठवायचा. वेण्या धड जमत नव्हत्या, डबा रोज उरून यायचा, आणि आता हे. पोरगी मागे पडली तर ती आपल्यामुळेच, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. ग्रीसचे हात न धुताच तो धावत आला.

"जमेल तिला. माझं बघून शिकते ती," तो म्हणाला आणि बाकावर चढला. रोज दहा-दहा मजल्यांवर लोंबकळणारा माणूस, दोन वीत उंचीवरून पडला. घोटा मुरगळला. बाई पाणी आणायला धावल्या, काका मलम शोधायला. बाप फरशीवर बसून राहिला. घोटा दुखत होताच, पण डोळे भरले ते त्याने नव्हे. उठवायला कोणीतरी येईल म्हणून त्याने दोन्ही हात पुढे केले.

तेवढ्यात मुलीने उडी मारली. थेट त्याच्या कुशीत.

मोठ्या बाईंनी घाईघाईने तक्त्यावर तिच्या नावापुढे खूण केली.

"मग इतका वेळ का नाही मारलीस गं?" बापाने विचारलं.

"तुम्ही सगळे वरच येत होतात," ती म्हणाली. "आई खाली उभी राहायची. पकडायला."

काका मलम घेऊन आले आणि त्याला उठवायला वाकले. बापाने मान हलवून नको म्हटलं.

"परत चढ," तो तिला म्हणाला. "मी इथेच बसलोय."