पुंजाजी काकांचं नाक

पुंजाजी काकांना पाण्याचा पेला दिला की ते तो आधी नाकाशी नेतात. डोळे मिटतात. एक लांब श्वास घेतात. तोवर समोरचा यजमान, मग तो सरपंच असो की नवरीचा बाप, हातात तांब्या धरून तसाच उभा. मग काका डोळे उघडून निकाल देतात, "हिरवं." नाहीतर, "पिवळं आहे, पण चालते." एका लग्नात त्यांनी "लाल!" म्हणून पेला परत केला, तेव्हा निम्म्या पंगतीनं आपापले पेले खाली ठेवले आणि नवरीच्या बापाला घाम फुटला.

हे रंग काकांच्या मनचे नाहीत. गावाच्या पाण्याची सरकारी तपासणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. हिरवं म्हणजे निर्धास्त प्या, लाल म्हणजे सांभाळा. काही वर्षांपूर्वी आमच्या गावाला लाल मिळालं. आमच्या नळाचं पाणी येतं तळ्याकाठच्या विहिरीतून, आणि त्या तळ्यात गाव काय काय धूत होतं ते न विचारलेलं बरं. बाकीचं गाव दोन दिवस हळहळलं आणि सोयाबीनच्या भावाकडे वळलं. काका मात्र तिथंच अडकले.

मी इथल्या शाळेत मास्तर, मूळचा चिखलीचा. काकांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. लाल कार्ड आलं त्याच्या आदल्या वर्षी कौसाकाकू गेल्या. झोपेतच गेल्या. मुलगा पुण्याला. तेव्हापासून काका आणि त्यांचा म्हातारा बैल सर्जा, एवढंच घर. सर्जाचा जोडीदारही गेला, शेत बटईनं कसायला दिलं, पण सर्जाला विकायचं नाव काढलं की काका म्हणतात, "मलेही घेऊन जाय मंग सोबत."

काळजी करणं हा त्यांचा मुख्य धंदा. आमच्याकडे आले की माझी बायको पेला तीनदा विसळते. त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र वेगळाच कारभार. दूध करपून आमच्या माजघरापर्यंत वास येतो आणि काका चुलीजवळ खुशाल बसलेले. "सगळं लक्ष तळ्यावर," बायको म्हणते, "घर जळालं तरी यांना कळायचं नाही."

गेल्या हिवाळ्यात त्यांनी ग्रामसभेत ठराव आणला. तळ्याच्या काठापासून ठरावीक अंतरात जनावरं, कपडे, गाड्या धुवायच्या नाहीत, मूर्ती पाण्यात शिरवायच्या नाहीत. सरपंचांना पथदिव्यांवर बोलायचं होतं. काका बसेचनात. "दिवे लावा नं, पण दिव्याखाली हगवण लागलेले लोक पायता काय?" शेवटी लोकांना घरी जायची घाई झाली आणि ठराव मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो कशाचा होता हे दुसऱ्या दिवशी कळलं.

हद्द दाखवायला काकांनी माझ्याकडून शाळेच्या मैदानाचा चुना नेला आणि तळ्याभोवती रेघ ओढली. वाकडीतिकडी, पण पूर्ण. पंचायतीनं रेघेबाहेर सिमेंटचा हौद बांधून दिला. मग पावसाळा आला आणि काकांच्या जिवाला घोर लागला. सर आली की रेघ पुसली जायची. सर थांबली की काका घमेलं घेऊन निघायचे. आभाळ भरून आलं की अख्खं गाव खूश, आणि हे एकटे ओट्यावर तोंड पाडून बसलेले.

खरी धास्ती होती ती पोळ्याची. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना धुतात, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळून पळसाच्या पानांनी शेकतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. धुणं अर्थात तळ्यातच. पिढ्यान्‌पिढ्या. ठरावानंतरचा हा पहिलाच पोळा, आणि पोळा झाला की तपासणीवाले नमुना घ्यायला येणार होते.

"मास्तर, यंदा रेघ मोडली तं कायमची मोडली," काका आठवडाभर मला सांगत होते. "मंग पुन्हा लाल." त्यांचं पाहून मलाही झोप लागेना. माझी पोरं तेच पाणी पितात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी काकांसोबत रेघेवर उभा होतो. एकेक जोडी येत होती. हौदाशी गर्दी झाली, बैल बिचकायला लागले. गजानन नावाचा तरणा शेतकरी वैतागला. "काका, पुढं एवढं पाणी दिसून राह्यलं अन् आमी डबक्यावर नंबर लावावं काय?" मागून दोघाचौघांनी त्याची री ओढली. काका फक्त म्हणाले, "थोडी कळ काढ बे बापू."

तेवढ्यात मागून ओरडा झाला. दावं ओढत एक बैल सरळ आमच्याकडे येत होता. गर्दीतून वाट काढत तो आला, चुन्याच्या रेघेवर पाय देऊन पलीकडे गेला, आणि पाण्याच्या कडेला एका काळ्या दगडापाशी जाऊन थांबला. सर्जा होता.

गजानन हसायलाच लागला. "घ्या! कायद्यावाल्याचाच बैल! चला रे, सोडा आता." त्यानं आपल्या बैलांचा कासरा सैल केला. बाकीचेही पुढे सरकले.

"काका, जा, ओढून आणा," मी म्हणालो.

"मी रेघ ओलांडली तं याहिले काय सांगू?" काकांचा पाय उचलत नव्हता. माणसानं ओलांडायला ठरावात बंदी नव्हती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. त्यांनी हाका मारल्या, चुचकारलं. सर्जानं मानसुद्धा वळवली नाही. दगडाकडे तोंड करून उभा. तळ्यात शिरत नव्हता, पाणी पीत नव्हता. नुसता उभा.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तर, घरातून ती पितळी वाटी आणता काय? हळद-तुपाची. चुलीपाशी आहे."

मी पळत जाऊन आणली. काकांनी वाटी दोन्ही हातांत धरून पुढे केली आणि बारीक, लाडिक आवाजात, अगदी बाईमाणसासारखं म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

एरवी गाव पोट धरून हसलं असतं. पण जुन्या माणसांनी तो आवाज ओळखला. कौसाकाकू दरवर्षी त्या दगडावर उभ्या राहून असंच बोलवायच्या. सर्जाचे कान हलले. तो वळला आणि संथपणे रेघ ओलांडून वाटीपाशी आला. काकांनी त्याच्या खांद्यावर तूप ठेवलं. गजाननानं कासरा आवळला आणि आपली जोडी हौदाकडे वळवली. त्याच्यामागं बाकीच्यांनीही.

संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. मी त्यांना पाण्याचा पेला दिला. सवयीनं त्यांनी तो नाकाशी नेला, आणि मग माझ्यापुढे धरला.

"तुमीच पाहा बरं, मास्तर. येते काय वास?"

"मी कशाला? तुमच्या नाकापुढं आमचं काय!"

"मले वास येतच नाही. तरणा होतो तवापासून." ते सर्जाकडे बघत होते. "तिले येत होता. पेला हाती घेतला की हुंगे, म्हणे, पाण्याले वास मारते, कायतरी करा. मी म्हणो, तुह्या नाकातच वास आहे. आयुष्यभर हसलो तिले. अन् ती गेली, मंग कार्ड आलं."

मी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि त्यांच्यासारखाच लांब श्वास घेतला.

"हिरवं," मी म्हणालो.

काकांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मी खरं बोलतोय याची खात्री झाल्यावर त्यांनी पेला घेतला. पण प्यायले नाहीत. उठले, आत गेले, आणि काकूंच्या तसबिरीपुढं तो ठेवून आले.