तिसरी कुंडी

बहिणीकडे निघताना बायकोने एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून मास्तरांना बजावले, "तिसऱ्या कुंडीतली एक फांदी फार वर आलीय. तेवढी कापा. बाकी कशाला हात लावू नका."

"बरं."

"बरं म्हणजे काय कळलं?"

"तिसरी कुंडी. एक फांदी."

"आणि?"

"आणि हात खिशात."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चाळीस वर्षे दुकान चालवून त्यांनी ते जावयाच्या हाती दिले होते, आणि जावयाने पहिल्याच आठवड्यात मोठ्या प्रेमाने सांगितले होते, "बाबा, तुम्ही आता आराम करा." तेव्हापासून मास्तरांचे हात घरभर भटकत होते. त्यांनी पडदे दोनदा आखूड केले. उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. टेबलावरचे कापड चारी बाजूंनी सारखे लोंबावे म्हणून ते इतके कापले की आता ते लोंबतच नव्हते. शेवटी बायकोने कात्री पिठाच्या डब्यामागे लपवली. ती कुठे आहे हे मास्तरांना माहीत होते आणि त्यांना ते माहीत आहे हे तिलाही माहीत होते.

गॅलरीच्या बुटक्या कठड्यावर आठ कुंड्या होत्या. त्यांत लाल गुलाब. उंच, काटेरी, एकेक फूल मिरवणारे नव्हेत. गुडघ्याच्या वर न जाणारे, पण अंगावर झुबक्याने फुले घेणारे. लेक सासरी गेली त्या वर्षी बायकोने एक रोप आणले होते, त्याची पुढे आठ झाली.

आता त्या कुंड्यांवर इमारतीच्या कमिटीचा कागद आला होता. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंची तक्रार होती. शनिवारी अकराला चेअरमन स्वतः पाहणीला येणार, झाडे दीड फुटाच्या आत आणि नीटनेटकी असतील तर ठेवणार, नसतील तर आठही कुंड्या खाली. कागद वाचून बायकोने त्याची बारीक घडी घातली होती. मग म्हणाली होती, "या घरात तुमच्या टेपनं न मोजलेली एवढी एकच गोष्ट आहे. ती गेली तर मी काय बघत बसायचं? तुम्हाला?"

शुक्रवारी दुपारी मास्तर कात्री घेऊन गॅलरीत गेले आणि तिथेच अडले. तिसरी कुंडी, पण कुठल्या बाजूने? दाराकडून मोजली तर एक, नळाकडून मोजली तर दुसरी. फांद्या दोन्हींत वर आल्या होत्या. फोन करावा, तर 'एवढंही कळत नाही का' हे ऐकावे लागणार. मास्तरांनी विचार केला आणि दोन्ही कापल्या.

मग ते दोन पावले मागे सरकून बघू लागले. हीच त्यांची चूक झाली. चाळीस वर्षे गिऱ्हाईक आरशासमोर उभे करून मास्तर दोन पावले मागे जात आणि डावी बाही उजवीपेक्षा पाव इंच लांब आहे, हे त्यांना लगेच दिसे. आताही दिसले. दोन कुंड्या बसल्या होत्या आणि बाकीच्या उभ्या होत्या.

त्यांनी शेजारची थोडी खाली घेतली. तिच्या शेजारची उंच दिसू लागली. तीही घेतली. मग टेप आणला. धंद्याचा नियम असा की एक पाय आखूड निघाला तर दुसरा त्याला जुळवायचा; कापलेले कापड वाढत नाही. मास्तरांनी ओळीतले सगळ्यात आखूड झाड शोधले. ते शेवटच्या कुंडीत होते, जेमतेम सात इंच. मास्तरांनी सातवर बोट ठेवले आणि बाकीची सात झाडे त्या मापाला आणली.

काम संपले तेव्हा ओळ अशी सरळ झाली होती की इस्त्री फिरवावी. मास्तर समाधानाने मागे सरकले आणि त्यांचा पाय फुलांवर पडला. सगळी फुले खाली होती. वर नुसत्या काड्या. अशांना चेअरमन नीटनेटकी म्हणणार नाहीत.

त्यांनी फुले मोजली. एक्केचाळीस. ती बादलीत पाण्यात ठेवली आणि नर्सरीवाल्याला फोन लावला.

"फुलं परत कधी येतील?"

"छाटलीत का? मग झकास येतील. सहा आठवडे."

"उद्या अकराच्या आत नाही का येणार?"

नर्सरीवाल्याने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी मास्तर सुई आणि हिरवा दोरा घेऊन गॅलरीत बसले. प्रत्येक काडीच्या टोकाला एक फूल उभे करायचे, दोन वेढे, एक टाका, गाठ आत. दहाव्या फुलाला हात बसला. विसाव्या फुलाला दारात नर्सबाई उभ्या होत्या. हातात ओला पांढरा गणवेश आणि त्यावर लाल पाकळ्या चिकटलेल्या.

"मास्तर, बघा हे. कमिटीला कळवलं तरी रोज तेच. असा गणवेश घालून वॉर्डात गेले तर पेशंट विचारतो, बाई, कुणाला मारून आलात." मग त्यांचे लक्ष मास्तरांच्या बोटांकडे गेले. "हे काय करताय?"

मास्तरांनी सगळे सांगितले. तक्रार करणाऱ्या बाईलाच सांगावे लागले, कारण दुसरे कुणी ऐकायला नव्हते.

नर्सबाई वाकून बघू लागल्या. "टाका सैल आहे."

"कच्चा आहे. पक्का घातला तर देठ चिरतो."

"मग मधे ओला कापूस ठेवा. असं कोरडं ठेवलं तर हा पेशंट दुपार बघत नाही." त्या खाली गेल्या, कापसाचा गुंडाळा घेऊन आल्या आणि बसल्याच. "माझी तक्रार झाडांची नव्हती हो. पाकळ्यांची होती. द्या ती सुई."

पावणेअकराला एक्केचाळिसावे फूल बसले. अकराला चेअरमनांचा निरोप आला की पाहणी आता चार वाजता. मास्तर येरझाऱ्या घालू लागले. बाराला ऊन गॅलरीत आले. साडेबाराला पहिल्या फुलाने मान टाकली. मास्तरांनी कापसावर पाणी शिंपडले, तर शेजारच्या दोघांनी टाकली. एक वाजता त्यांनी छत्री धरली. दीडला हात बदलला. दोन वाजता मागून आवाज आला, "कुणावर छत्री धरलीय?"

बायको आली होती. तिने पिशवी खाली ठेवली, जवळ आली आणि एक फूल दोन बोटांत धरून उचलले. ते काडीवरून निघाले आणि हिरव्या दोऱ्याला लोंबकळू लागले. चाळीस वर्षे ती ही गाठ ओळखत होती.

"किती?" तिने विचारले.

"एक्केचाळीस."

"माप कुठलं धरलंत?"

मास्तरांनी शेवटच्या कुंडीकडे बोट दाखवले.

"अहो, ते पोर आहे. या वर्षी लावलंय मी ते." ती स्टुलावर बसली. "तान्ह्या पोराचं माप घेऊन सगळ्या घराचे कपडे बेतलेत."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती कुंड्यांकडे बघत हळूच म्हणाली, "मोजलंत शेवटी हेही." मग तिने हात पुढे केला. "कात्री द्या. मेलेली फुलं कशाला मिरवायची? कुंड्या जायच्या असतील तर आहेत तशाच जाऊ देत."

दोघांनी मिळून सगळे टाके उसवले. चार वाजता चेअरमन वही आणि लाकडी पट्टी घेऊन आले, तेव्हा कठड्यावर आठ कुंड्या आणि सारख्या उंचीच्या काड्या होत्या. मागे नर्सबाईही येऊन उभ्या राहिल्या.

चेअरमनांनी पहिल्या कुंडीला पट्टी लावली. सात इंच. दुसरीला लावली. सात. आठवीपर्यंत गेले आणि परत पहिलीपाशी आले.

"सगळी सारखी?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत या इमारतीत दोन नळसुद्धा सारख्या उंचीवर बसले नाहीत."

"फुलं नाहीत," मास्तर पुटपुटले.

"म्हणजे पाकळ्याही नाहीत," नर्सबाई लगेच म्हणाल्या. "माझी तक्रार मिटली. तसं लिहा."

चेअरमनांनी लिहिले, 'झाडे बुटकी, एका मापाची, फुले नाहीत. कुंड्या कायम ठेवाव्यात.' खाली तारीख घालून सही केली. बायकोने त्याची नक्कल मागून घेतली.

सहा आठवडे मास्तरांनी हात खरोखर खिशात ठेवले. मग आठही झाडे एकदम फुलली. सात एकाच दिवशी छाटलेली, म्हणून एकदम; तान्ह्याचा तर हा पहिलाच बहर. पण माप कुणीच पाळले नव्हते. कुणी डावीकडे झुकले होते, कुणी दोन बोटे वर गेले होते, तान्हे तर सगळ्यांच्या वर मान काढून बघत होते. बायको स्टुलावर बसून तासभर बघत राहिली. मास्तर शेजारी बसून बोटे मोडत राहिले.

"बसा," ती म्हणाली.

"बसलोच आहे की."

"हात पण बसू देत."

नर्सबाईंनी गणवेश वाळत घालायची दोरी आतल्या खिडकीकडे नेली होती आणि त्यांच्या खिडकीत आता तान्ह्याची एक फांदी रुजत होती. तरी चेअरमन वही घेऊन आलेच.

"वहीत 'फुले नाहीत' असं लिहिलंय," ते म्हणाले.

"तारीख वाचा," बायको म्हणाली. "त्या दिवशी नव्हती."

चेअरमनांनी तारीख वाचली. फुले बघितली. वही मिटली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, आमच्या घरीही पाच कुंड्या आहेत. दुसरीतली एक फांदी तेवढी कापायचीय. बाकी कशाला हात लावायचा नाही, असं घरून बजावलंय."

मास्तरांचे उठून टेप गळ्यात अडकवूनसुद्धा झाले होते. बायको आत गेली, पिठाच्या डब्यामागून कात्री काढली आणि आपल्या हाताने त्यांना दिली. दुकान सुटल्यापासून ही पहिलीच वेळ.

"दुसरी कुठल्या बाजूनं, ते आधी विचारा," ती म्हणाली.

"विचारतो की," जिना उतरता उतरता मास्तर म्हणाले. पण पुढे चेअरमन सांगत होते की पाचांत एक झाड अगदीच आखूड राहिलंय, आणि खिशात मास्तरांची कात्री आपोआप उघडमीट करू लागली होती.