मुन्नाचा खेळ संपला

"आज काही झालं तरी खेळ संपवतोच!"

शुक्रवारी सकाळी कपबशी खाली ठेवत मुन्नानं जाहीर केलं. आवाज असा, जणू सगळ्या गावाचा कारभार आजपासून त्याच्याच हाती येणार होता!

मुन्ना लग्नपत्रिका छापायचा. त्यासाठीच त्यानं कॉम्प्युटर घेतला होता. पण चिमूरच्या मेहुण्यानं, जिशाननं, एक सीडी आणून दिली आणि पत्रिका मागे पडल्या. खेळ होता एका तलवारवाल्या योद्ध्याचा. गावोगाव हिंडायचं, म्हातारीची हरवलेली बकरी शोधून द्यायची, जडीबुटी गोळा करायची, भुतं मारायची आणि सगळ्यात शेवटी काळ्या किल्ल्यातल्या राक्षसाला गाठायचं. खेळ इतका लांब, की सुरू केला तेव्हा लोक पावसाच्या सुरुवातीला रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकत होते. आता नवा तांदूळ गिरणीतून बाहेर पडला, तरी राक्षस काही भेटला नव्हता! तेवढ्या काळात मुन्नाची दाढी वाढली, डोळे खोल गेले, पँट कमरेवर टिकेना. घरातली डाळ संपल्याचं त्याला ठाऊक नसायचं, पण योद्ध्याच्या झोळीत किती मुळ्या उरल्या ते झोपेतही सांगायचा.

"आयकून राह्यली का?" तो बायकोला म्हणाला. "जिशानले फोन लाव. म्हणा, आज खेळ संपते, पाहाले ये."

"आन् मधात लाइन गेली त?" नाजियानं विचारलं.

"सुकलूचं जनरेटर आणलं ना!" सुकलू म्हणजे मंडपवाला. "किल्ल्यात शिरलं का सेव्ह होत नाई. लाइन गेली का सारी मेहनत पाण्यात! म्या सगळा विचार करून ठेवला हाय."

सगळा विचार केला होता. फक्त नाजिया कांदे चिरत होती, तेवढं त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिनं नाक ओढत, डोळे पुसत चिमूरला फोन लावला. जिशान वरोऱ्याला गेला होता. फोन उचलला तिच्या वडिलांनी, कापडवाल्या बाबूभाईंनी. लाइनमध्ये खरखर अशी, की कोणी फोनवरच पापड भाजतंय!

"अब्बा," नाजिया भरल्या गळ्यानं म्हणाली, "ह्यायचा खेळ आज संपून राह्यला."

"काय म्हणतं बेटी?"

"खेळ संपते ह्यायचा! लय महिने तरास काढला. ना जेवण, ना झोप. आज सुटका होईन. जिशानले पाठवा, शेवटचं पाहून घेईन."

"या अल्लाह! डॉक्टर काय..."

तेवढ्यात फोन कटला. नाजियानं तो ठेवला, कांदे फोडणीला टाकले आणि स्वयंपाक उरकून दळणाचा डबा घेऊन चक्कीवर गेली. मुन्नानं कॉम्प्युटर जनरेटरवर लावला, खिडकी लावली, कानांवर हेडफोन चढवले आणि किल्ल्यात शिरला.

दुपारी दारात जीप थांबली. जीप कसली, चिमूरचा अर्धा मोहल्लाच होता! पुढे बाबूभाई, काखेत पांढऱ्या कापडाचा गठ्ठा. मागे सासूबाई कमरजहाँ आणि पदरांत तोंड लपवलेल्या चार-पाच बाया.

बाबूभाईंनी आत डोकावून पाहिलं. खोलीत अंधार. खुर्चीत मुन्ना ताठ बसलेला, जबडा उघडा, डोळे फाटलेले, तोंडावर निळा उजेड.

"बेटा मुन्ना!"

राक्षस मुन्नाच्या डोक्यावर गदा घेऊन उभा होता; सासऱ्याकडे पाहायला फुरसत कोणाला?

बाबूभाई मागे सरले. "गेला!" एवढंच बोलले. कमरजहाँबाईंनी जो हंबरडा फोडला, तो पार बाजारापर्यंत गेला. आजूबाजूची दारं उघडली. शेजारच्या इंदुताई डोळ्यांना पदर लावून आल्या, पाहून गेल्या आणि थेट आपल्या घरच्या चुलीपाशी बसल्या. दुःखाच्या घरी आज चूल पेटणार नव्हती, जेवण शेजाऱ्यांनीच न्यायचं!

एवढ्यात डोक्यावर डबा घेऊन नाजिया परतली. दारात गर्दी पाहून ती लगबगीनं पुढे आली. आईनं तिला कवेत घेतलं. "धीर धर बेटी! मुन्ना आपल्याले सोडून गेला!"

"असे कसे गेले?" नाजियानं डबा टाकला. "सकाळी त चहा पिऊन बसले होते वो!" आणि ती आईहून मोठ्यानं रडू लागली. पीठ उडून सगळ्या बाया पांढऱ्या झाल्या.

तेवढ्यात आतून गर्जना आली, "मेला! मेला! अखेर मेला!"

बाहेर बाया एकमेकींना बिलगल्या.

"आतून कोण बोंबलून राह्यलं?" बाबूभाईंनी घाबरून विचारलं.

"नातेवाईक असन जी," मागून कोणीतरी म्हणालं.

नेमका तेव्हाच सुकलू आला. रडारड पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले. पण जनरेटर आपला धडधडतच होता. "मयतीच्या घरी इंजन शोभत नाई," असं पुटपुटत भल्या माणसानं बटण दाबलं.

आत राक्षस नुकताच कोसळला होता. किल्ल्याचे दरवाजे उघडत होते, पलीकडे सोनेरी उजेड दिसत होता, शेवटची गोष्ट सुरू होणार होती. आणि पडदा काळा!

दार धाडकन उघडलं. दाढी वाढलेला, डोळे लाल झालेला मुन्ना हात वर करून बाहेर झेपावला. "कोणं बंद केलं? कोणं?"

बाया किंचाळत जीपमध्ये चढल्या. सुकलू नालीत उतरला. बाबूभाईंनी कापडाचा गठ्ठा ढालीसारखा पुढे धरला. एकटी नाजिया जागची हलली नाही. तिनं नवऱ्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला. मुन्ना कळवळला, तेव्हा लोकांची खात्री पटली.

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला. कमरजहाँबाई आता हसत रडत होत्या. बाबूभाईंनी गठ्ठा गुपचूप जीपमध्ये ठेवला. "खेळासाठी एवढं?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

मुन्ना ओट्यावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. तेवढ्यात इंदुताई भातवरणाचं पातेलं आणि वांग्याची भाजी घेऊन आल्या. त्याला जिवंत पाहून क्षणभर थबकल्या, मग म्हणाल्या, "आता रांधलंच हाय, त खाऊन घ्या."

पंगत बसली. भाजी अशी झाली होती, की मुन्नानं स्वतःच्या मयतीच्या जेवणात तीनदा वाढून घेतलं! पोट भरलं तशी त्याची मानही ताठ झाली.

"घाबराचं काम नाई," तो बोटं चाटत म्हणाला. "राक्षस कसा मारते, ते आता मले समजलं. पुढच्या शुक्रवारी पक्का संपवतो!"

इंदुताईंनी रिकामं पातेलं उचललं.

"मंग आताच सांगून ठेवा, मुन्नाभाऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी भाजी कायची करू?"