खासगी टेप ग्राह्य नाही

घरपट्टीची नोटीस वाचून मास्तरांचा पारा चढला. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे टेलर मास्तर. घर सहाशेवीस फूट धरलं होतं, वर दिवाबत्ती कर वेगळा. गल्लीतला दिवा दोन वर्षं बंद होता, पण कर कधी विझला नाही. मास्तरांनी तडक हरकत घेतली. अख्ख्या वस्तीची मापं घेणाऱ्या या गृहस्थानं स्वतःचं घर कधीच मोजलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मोजणीसाहेब यायच्या दिवशी बायकोनं बजावलं, "तो मोजेल तसं मोजू दे. तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी कशाला बोलतोय?"

"तुमचा भरवसा नाही. त्या टाचण्या धरा तोंडात."

चार टाचण्या ओठांत धरून मास्तर मशीनवर बसले. साहेबांनी टेप भिंतीपर्यंत न नेता कपाटालाच टेकवली. मागची गॅलरी तर लांबूनच पाहिली. "पाचशेसाठ," ते म्हणाले. बायकोनं त्यांच्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.

मास्तरांनी एकेक करून टाचण्या काढल्या. "साहेब, कपाटामागं भिंत आहे."

"असू दे हो काका, तुमचाच फायदा आहे."

"फायद्याचं सोडा. माप चुकतंय!"

बायको खोकून खोकून दमली. मास्तरांनी कपाट सरकवलं, गळ्यातली टेप काढली आणि फरशीवर खडूच्या खुणा करत, गुडघ्यांवर रांगत सगळं घर मोजून काढलं. गॅलरीसुद्धा सोडली नाही. "सहाशेचौतीस! लिहा."

त्या दिवसापासून बायकोनं अबोला धरला. पंधरा दिवसांनी पत्र आलं, 'खासगी टेपनं घेतलेलं माप ग्राह्य नाही. क्षेत्रफळ पाचशेसाठ. कर कमी करण्यात येत आहे.' बायकोचा अबोला जागच्या जागी सुटला. मास्तरांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

"चाळीस वर्षांत एक सदरा परत आला नाही माझ्याकडे, आणि माझं माप ग्राह्य नाही?"

ते तसेच कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनानं चष्मा काढून त्यांना नीट पाहिलं. "कर वाढवून हवाय? तसा फॉर्म नाही काका. कमी करायचा फॉर्म आहे, त्यावरच लिहा."

अर्ज वरच्या मजल्यावर पोचला आणि तिथं सगळ्यांना वास आला. जो माणूस आपणहून चौऱ्याहत्तर फूट जास्त सांगतो, त्यानं दोनशे तरी लपवले असणार! ताबडतोब फेरमोजणीचा हुकूम सुटला.

साहेब तेच आले, टेपही तीच. या खेपेला कपाटाच्या अलीकडे इस्त्रीचं टेबल होतं, म्हणून टेप टेबलालाच टेकली. मास्तरांचा हात गळ्याकडे जाताच साहेबांनी ते पत्र पुढं केलं. "पाचशेअठ्ठेचाळीस," त्यांनी लिहिलं. कर आणखी उतरला.

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. शेवटी बायकोनं त्यांच्या उशाशी कोरा फॉर्म आणि पेन आणून ठेवलं.

"उठा बघू," ती मायेनं म्हणाली, "आणखी एक हरकत घ्या. असला अन्याय मुकाट्यानं सोसू नये माणसानं."