टाकीत न टाकलेली साखर

न केलेला गुन्हा कबूल करायचा, हे मी दात घासताना ठरवलं. (माझे सगळे मोठे निर्णय दात घासतानाच होतात. म्हणून मम्मी म्हणते, जरा कमी घासत जा.)

कारण होतं मोबाईल. माझा मोबाईल पप्पांच्या कपाटात कुलूपबंद होता आणि आमची गाडी का बंद पडते हे कळेपर्यंत तिथंच राहणार होता. "तूच काहीतरी केलंयस. काय केलंस ते सांग आणि मोबाईल ने," असा पप्पांचा साधा व्यवहार. अडचण एकच होती. मी काहीच केलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आता नीट सांगतो. आमची गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. पप्पा तिला अहो-जाहो करत नाहीत एवढंच. दर रविवारी आम्ही नाशकातल्या इंदिरानगरहून तिच्यातनं पेठला जातो, चंद्रभागा आत्याकडे. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. ती आम्हाला तांदूळ देते, नागली देते आणि पप्पांना शिव्या देते, सगळं पोतं भरभरून.

उन्हाळा लागला आणि गाडीनं नवीन नाटक सुरू केलं. नाशकात एकदम मख्खन चालायची. पेठ रोडनं घाट जवळ आला, की रस्त्याकडेच्या म्हसोबापाशी खोकायची, दोन गचके द्यायची आणि गप्प. मग निवांत चहा पिऊन होईल एवढा वेळ उभी राहिली, की जणू काही झालंच नाही अशी चालू!

पहिल्या वेळी पप्पांनी बॉनेट उघडून आत बघितलं. (पप्पा सातपूरला कंपनीत स्टोअरमध्ये आहेत. बॉनेट उघडून आत बघणं त्यांना फार छान जमतं. त्याच्या पुढचं नाही.) पुढच्या रविवारी परत तिथंच, म्हसोबाच्या समोर. पप्पांनी आत्याला फोन लावला.

"म्हसोबाला नारळ दिला का रे शेखर?"

"अगं ताई, गाडी बंद पडली म्हणून फोन केला."

"मंग मी काय इचारते? नारळ दिला का?"

पप्पा चालत मागच्या टपरीवर गेले, नारळ आणला, फोडला, हात जोडले, किल्ली फिरवली. चालू! पप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की सायन्सला आपल्याला पस्तीस का पडले हे मला त्या क्षणी कळलं.

पण माणूस सुधारतो कुठं? पुढच्या खेपेला पप्पांनी डोकं चालवलं. गाडी बंद पडायची वाट कशाला बघायची? म्हसोबापाशी इंजिन चालू ठेवूनच उतरले, नारळ फोडला, पळत येऊन बसले. "ॲडव्हान्स दिला," म्हणाले. शीळ घालत निघाले. घाटाच्या पहिल्याच वळणावर गचका, गचका, गप्प. मागं ट्रकवाला हॉर्न मारतोय, आणि पप्पा स्टिअरिंग धरून हळूहळू मागं वळले.

"रुद्र."

"मी काय केलं?"

"म्हसोबाचा हिशोब चुकता झालाय. आता तूच उरलास."

तसं माझं रेकॉर्ड थोडं खराब आहे, हे मान्य. याच गाडीच्या रिव्हर्सला मी बकरीचा आवाज बसवला होता. पप्पांच्या साहेबांच्या बंगल्यात गाडी मागं घेताना सगळी माणसं बकरी शोधत बाहेर आली होती. पण ती कला होती. गाडी बंद पाडण्यात काय मजा? आपणच ढकलायचं!

मग गाडी राकेशभाऊच्या गॅरेजला गेली. राकेशभाऊचा स्वतःवर जबरदस्त विश्वास. गाडीचा आवाजही न ऐकता म्हणाला, "प्लग." प्लग बदलले, चौकापर्यंत चक्कर मारून आला. "मख्खन!" रविवारी घाटात गप्प. मग "कॉइल." चौकापर्यंत मख्खन, घाटात गप्प. मग "पंप." चौकापर्यंत मख्खन. घाटातलं आता सांगत नाही.

शेवटी तो हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडीत काहीच नाही. घरात कोणी काड्या करणारं आहे का?"

पप्पा आणि मम्मी दोघांनी एकदम माझ्याकडं बघितलं. त्याच संध्याकाळी मोबाईल कपाटात गेला.

बिनमोबाईलचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. रिमोट कानाला लावून "हॅलो" म्हणालो एकदा. तिकडं मित्र वाट बघून वेडे झाले असतील, या विचारानं जेवण जात नव्हतं. (दोन पोळ्या कमी.) म्हणून दात घासताना ठरवलं, कबूल करून टाकू.

त्या रविवारी पप्पांनी राकेशभाऊलाच गाडीत बसवून घेतलं. डोळ्यांनी बघ म्हणाले. घाटाच्या तोंडाशी गाडी वेळेवर बंद पडली. राकेशभाऊ डोकं खाजवायला लागला. मी घसा साफ केला.

"पप्पा, मी टाकीत साखर टाकलीय."

"बघा!" पप्पा एवढे खूश झाले, की मला वाटलं बक्षीस देतात.

"तरीच!" मम्मी म्हणाली. "तरीच डबा लवकर रिकामा झाला! मी त्या बिचाऱ्या मुंग्यांवर पावडर मारत बसले. किती टाकलीस?"

"चवीपुरती."

राकेशभाऊ मागं गेला आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आतनं आवाज आला, सूंऽऽऽऽ! एखाद्या म्हाताऱ्यानं तासाभरानं श्वास घेतल्यासारखा. राकेशभाऊ दोन पावलं मागं सरकला.

"किल्ली मारा साहेब."

पहिल्या फटक्यात चालू!

"कबूल केल्याबरोबर चालू," पप्पा म्हणाले. "मनात पाप असलं की असं होतं."

"पण साहेब, साखर टाकली तर चालू कशी होईल?" राकेशभाऊ पार गोंधळला.

मम्मी मात्र झाकणाकडं बघत होती. "अहो, तेलाचा मोठा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो की नाही? एक तेल यायला, एक हवा आत जायला. दुसरं नाही पाडलं तर तेल आधी नीट येतं, मग गचके खात येतं आणि मग येतच नाही. जरा थांबलं की परत येतं. या झाकणाला हवेचं भोक कुठंय?"

राकेशभाऊनं झाकण उलटं केलं. बारीक भोक होतं. होतं म्हणजे कधीकाळी होतं. त्यावर नळ गळतो तेव्हा दोन गोळ्या मळून लावतात ना, तो मसाला पक्का बसला होता, वर अंगठा दाबल्याची खूणसुद्धा.

"हे कोणी बुजवलं?"

सगळे माझ्याकडं वळले.

"आईशप्पथ मी नाही!" मी माझा अंगठा त्या खुणेवर ठेवला. खूण माझ्या अंगठ्यापेक्षा चांगलीच ऐसपैस होती.

पप्पा डोंगर बघायला लागले. "यंदा घाट लय सुकलाय, नाही?"

"अहो," मम्मी म्हणाली.

"उन्हाळ्यात त्या भोकातनं पेट्रोल उडून जातं," पप्पा डोंगरालाच सांगत होते. "व्हॉट्सॲपवर आलं होतं. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना पाठवा."

राकेशभाऊ रस्त्यावरच बसला. मम्मीनं हसत हसत आत्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आत्या काय बोलली ते इथं लिहिता येत नाही, पण समोरनं येणाऱ्या दोन मोटारसायकली थांबून ऐकून गेल्या.

"ते सगळं ठीक आहे," पप्पा शेवटी म्हणाले, "पण हा खोटं का बोलला? त्याचं काय?"

"घरी गेल्यावर आधी त्याचा मोबाईल द्या," मम्मी म्हणाली. "मग तुमचा माझ्याकडं द्या."

घरी आलो. कपाट उघडलं. मोबाईल चार्जिंगला लावला, चालू केला, मित्रांचा ग्रुप उघडला. मयुरेशनं विचारलं होतं, "रुद्र कुठं गायब झालाय?" अमोल म्हणाला होता, "माहीत नाही." आणि निकितानं लिहिलं होतं, "प्लीज कोणी शोधू नका." त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

मी म्हटलं, मस्करी करतात. मोठ्या उत्साहानं लिहिलं, "आलो रे भो!"

निकितानं ग्रुप सोडला. मग अमोलनं सोडला. मग एकेक करून बाकीच्यांनी. मयुरेश तेवढा राहिला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी एक तरी जिवाभावाचा निघाला.

त्याच्या फोनची बॅटरी उतरली होती, हे संध्याकाळी कळलं.