वाटूर फाट्यावरचा जपानी

सुदामच्या हॉटेलात गुपचूप जेवायला बंदी आहे. वाडग्यातल्या शेवया काड्यांनी उचलायच्या, तोंडाशी न्यायच्या आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असा भुरका मारायचा. शेजारचं दुकान माझं. मी तिथे पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. त्यामुळे कोण कसं जेवलं हे मला बसल्या जागी कळतं.

मागे एक साहेब जीपमधून उतरले. सोबत दोन कारकून. साहेबांनी मांडीवर रुमाल अंथरला, काटा-चमचा मागितला, आणि तो मिळत नाही म्हटल्यावर काडीला एकेक शेवई गुंडाळून, ओठ मिटून, पंगतीतल्या नव्या नवरीसारखं खायला सुरुवात केली. सुदाम कट्ट्यापलीकडे उभा राहून कान देत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"आवाज येऊन न्हाई राह्यला," तो म्हणाला.

साहेबांनी आधी आपला मोबाइल काढून बघितला. मग कारकुनांकडे बघितलं. तेव्हा सुदामनं एक वाडगं उचललं आणि आवाज म्हणजे काय ते करून दाखवलं. म्हशीनं हौदाला तोंड लावावं तसा तो आवाज होता. साहेब अर्धं टाकून उठले. सुदामला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं म्हणणं असं की शिजवणारा माणूस चुलीकडं तोंड करून उभा असतो, त्याला खाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. मग जेवण आवडलं का नाही हे त्याला कळायचं कसं?

सुदाम खरात आणि मी परतूर तालुक्यातल्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. तो तरुणपणी जपानला गेला आणि पन्नाशी ओलांडल्यावर परत आला. आल्यावर त्यानं वाटूर फाट्यावर, पंक्चरवाला आणि मी यांच्या मधला गाळा घेतला. आत एक लांब फळी आणि तिच्यासमोर सहा स्टुलं. टेबल नाही, पंखा एकच, तोही चुलीकडं तोंड करून. कोंबडीच्या हाडांचं पाणी सकाळपासून उकळत असतं. त्यात घरी केलेल्या शेवया, वर अर्धं अंडं आणि कांद्याची पात. एवढा एकच पदार्थ, त्याचं जपानी नाव रामेन. सॉस मागितला तर तो ऐकू न आल्यासारखं करतो. 'चायनीज' म्हटलं तर मात्र ऐकू येतं आणि तो दाराकडं बोट दाखवतो.

गिऱ्हाईक आत आलं की तो जपानी भाषेत जोरात काहीतरी ओरडतो. त्याचा अर्थ 'या, या' असा आहे म्हणतात. पहिल्या दिवशी मोसंबीचा गाडा लावणारे रफीकभाई आत डोकावले, ते ओरडणं ऐकून दचकले आणि सवयीनं 'वालेकुम सलाम' म्हणून गेले. दोघांनी तेच पुढं चालू ठेवलं आहे. गिऱ्हाईक जायला निघालं की सुदाम कंबरेत वाकतो. जपानमध्ये तशी रीत आहे. आपल्याकडं माणूस इतका वाकला की म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'सुखी राहा' म्हणतात. त्याला असे पुष्कळ आशीर्वाद मिळाले आहेत. कुठला लागू पडल्याचं माझ्या बघण्यात नाही.

बोर्ड त्यानं स्वतःच रंगवला: 'रामेन. शेवया घरच्या.' एकदा जांब समर्थला दर्शनाला निघालेली एक जीप तो बोर्ड बघून थांबली. त्यांना वाटलं, रामाच्या नावाचं फराळाचं हॉटेल आहे. त्यात एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी बोर्डाखाली उभं राहून सुदामला समजावलं की 'रामेन' चूक आहे, 'रामेण' पाहिजे, तृतीया एकवचन, म्हणजे 'रामानं'. मग आतला वास आला आणि कुणीतरी विचारलं, हे काय शिजतंय. सुदामनं खरं ते सांगितलं. जीप धूळ उडवत गेली. तो रस्त्यावर उभा राहून त्या धुळीसमोर कंबरेत वाकला.

खरं ते सांगणं हा त्याचा दुसरा आजार. पीठ कसं मळतोस, असं एका गिऱ्हाइकानं सहज विचारलं, तर म्हणाला, पायानं. ते खरंच होतं. मैद्यात पापडखार घालून घट्ट गोळा करायचा, तो जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, वर धुतलेलं पोतं टाकायचं आणि त्यावर उभं राहून तुडवायचं. शेवईला चिवटपणा येण्याइतका जोर हाताला नसतो. पिठाला पाय लागत नाही, पण हे ऐकायला कोण थांबतो? कुणीतरी मागच्या खिडकीतून व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या प्रत्येक मोबाइलमध्ये सुदाम पिठावर नाचत होता.

त्या व्हिडिओनं पुष्कळांची सोय झाली. जे लोक पहिल्या दिवसापासून त्याच्याकडं पाणीसुद्धा पीत नव्हते, त्यांना इतके दिवस धड कारण सांगता येत नव्हतं. कुणी म्हणायचं, आम्हाला तिखट लागतं. कुणाचा आठवडाभर उपास. खरं कारण त्याच्या आडनावात होतं, आणि ते हल्ली तोंडानं बोलायचं नसतं. आता सगळे मोकळेपणानं नाक मुरडू लागले, पायाचं कोण खाणार म्हणून. मी सुदामला म्हणालो, तुडवणं बंद कर, नाहीतर दार लावून तुडव. त्यानं दुसऱ्या दिवशी पीठ उचलून पुढं दारात आणलं आणि रस्त्याकडं तोंड करून तुडवू लागला. "बघू दे. बराबर दिसू दे," म्हणाला.

म्हणून त्याच्याकडं येतात ते लांबचे लोक. ट्रकवाले, औषध कंपन्यांची माणसं, संभाजीनगरहून नांदेडला जाणारी कॉलेजची पोरं. इथला म्हणावा असा मीच एक. मलाही ते फार आवडतं अशातला भाग नाही. पण मी भुरका मोठा मारतो.

तो जपानला कसा गेला ते सांगितलं पाहिजे. त्यांच्या वस्तीतल्या विहारात एकदा एक जपानी भंते आले होते. ते जाताना दोन पोरांना शिकायला घेऊन गेले. त्यात सुदाम एक. तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं आणि प्रज्ञा नावाची तीन वर्षांची मुलगी होती. सुदामचं शिक्षण पहिल्याच हिवाळ्यात सुटलं. तो एका हॉटेलात भांडी घासायला लागला, मग शेवया करायला लागला. राहण्याचा परवाना संपला, तरी तो राहिला. एकदा इकडं आला असता तर परत जाता आलं नसतं आणि पाठवायचे पैसे थांबले असते. फोनवर तो बायकोला हेच सांगायचा. ते खरं होतं, पण अर्धंच. त्या हॉटेलची मालकीण विधवा होती, त्याच्याहून वयानं मोठी. तो तिच्याच घरी राहायचा.

इकडं त्याच्या बायकोच्या, शोभावहिनींच्या, दोन्ही किडन्या गेल्या. जालन्याला डायलिसिससाठी खेपा सुरू झाल्या. पैसे वेळेवर यायचे. वहिनींसोबत गाडीत कधी भाऊ असायचा, कधी शाळा बुडवून प्रज्ञा. दोन वर्षं अशी काढून वहिनी गेल्या. सुदाम आला नाही. प्रज्ञाला मामानं परतूरला नेलं, शिकवलं, शिक्षिका झाल्यावर चांगलं स्थळ बघून लग्न लावून दिलं. मग तिकडची ती मालकीणही वारली, हॉटेल तिच्या भावानं विकलं, आणि सुदाम स्वतःच तिथल्या परवान्याच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. त्यांनी त्याला विमानात बसवून दिलं.

आल्यावर तो मला घेऊन परतूरला गेला. प्रज्ञा तेव्हा मामाकडं आलेली होती. तिनं आम्हा दोघांना पाणी आणून दिलं, कुणाही पाहुण्याला द्यावं तसं, आणि आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. मामानं तिकडच्या बाईचं विचारलं. सुदाम म्हणाला, "होती. न्हाई कशाला म्हणू?" दाराच्या आत बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. परत येताना मी त्याला म्हणालो की आजच्या दिवस खोटं बोलला असतास तर चाललं असतं.

मी त्याला सांगत होतो की हॉटेल जालन्यात काढ. तिथं कारखाने आहेत, परगावचे लोक आहेत, कुणीतरी खाईल. तो वाटूरवरच अडून बसला. कारण मला महिन्याभरात कळलं. प्रज्ञाची शाळा इथून पुढच्या एका गावात आहे आणि संध्याकाळी ती फाट्यावर गाडी बदलते. ती उतरायच्या वेळेला सुदाम भांडी धुतलेलं पाणी टाकायला बाहेर यायचा. एवढं पाणी दिवसभरात कुणी सांडत नसेल. ती हॉटेलकडं पाठ करून उभी राहायची. गाडी यायची, ती चढायची, सुदाम रिकामं घमेलं घेऊन आत यायचा. दोन वर्षं हेच चाललं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेतल्या तौर मॅडमची बढती झाली. बाई बोलकी आणि हौशी. तिनं ठरवलं की रोज समोर दिसतं ते जपानी हॉटेल आज बघायचंच, आणि प्रज्ञाला हाताला धरून घेऊन आली. सोबत अजून एक शिक्षिका. नको म्हणायचं तर प्रज्ञाला कारण द्यावं लागलं असतं.

मी कडेच्या स्टुलावर जेवत होतो. सुदामचं ओरडणं निम्म्यात थांबलं. तिघी ओळीनं बसल्या. प्रज्ञा मधे. तिनं पर्स मांडीवर घेतली आणि फळीवरच्या मिठाच्या बाटलीकडं बघत राहिली. सुदामनं तीन वाडगी भरली. पाणी काठावरून सांडलं. त्यानं ते फडक्यानं पुसलं, परत पुसलं.

तौर मॅडमनं विचारायला सुरुवात केली. काका, किती वर्षं होता तिकडं? थंडी फार असते का हो? भाषा कशी शिकलात? तो एकेका शब्दात उत्तर देत होता. मग तिनं विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

माझा घास तोंडातच राहिला. हा माणूस साहेबाला सोडत नाही, यात्रेकरूंना सोडत नाही, सासरवाडीत बसून 'होती' म्हणतो. प्रज्ञानं काड्या घट्ट धरल्या होत्या. सुदामनं तोंड उघडलं. पण तौर मॅडमला उत्तराची तेवढी गरज नव्हती. ती आपणच पुढं म्हणाली, "आमच्या प्रज्ञाला बघा ना, आई न्हाई आन् वडील पण न्हाई. वडील तर ही लहान होती तेव्हाच वारले. मामानं केलं सगळं."

चुलीवरचं पाणी उकळत होतं. सुदाम त्याच्याकडं वळला, झाकण उचललं, परत ठेवलं. मग इकडं तोंड करून त्यानं विचारलं, तौर मॅडमला नव्हे, तिला.

"काय झाल्तं त्यांना?"

प्रज्ञानं मान वर केली. परतूरच्या घरात पाणी देऊन आत गेल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं बघितलं असेल.

"आजारी होते," ती म्हणाली. "बरेच दिवस."

"वाईट झालं," सुदाम म्हणाला. झारा उचलून त्यानं विचारलं, "अजून शेवया घालू?"

"नको. पुरे झाल्या."

तिनं वाडगं निम्मं संपवलं. गाडी आली म्हणून तिघी उठल्या. तौर मॅडमनं पैसे दिले, सुदामनं मुकाट्यानं घेतले आणि कंबरेत वाकला. तो वर येईपर्यंत त्या रस्ता ओलांडून गेल्या होत्या.

जूनमध्ये प्रज्ञाची बदली भोकरदनकडं झाली. तिनं मागून घेतली असं तौर मॅडमकडून कळलं. पण ते नंतर. त्या दिवशी गाडी गेल्यावर हॉटेलात आम्ही दोघंच उरलो. मी उठून शटर निम्मं ओढलं आणि त्याच्याशेजारी बसलो. मला वाटलं, तो रडेल. तो विचार करत होता. मग त्याचा चेहरा थोडा उजळला.

"पळून गेला म्हणता आलं असतं तिला," तो म्हणाला. "बाई ठेवली म्हणता आलं असतं. खरंच होतं ते. पण आजारी पाडलं तिनं मला. आन् ते पण बरेच दिवस."

बरेच दिवस आजारी कोण होतं, ते मला ठाऊक होतं. जालन्याच्या गाडीत बाजूला बसून त्या पोरीनं जे मरण बघितलं, तेवढं एकच तिला सांगता येत होतं.

"म्हंजे तिच्या मनात," सुदाम म्हणाला, "कुणीतरी माझं दवापाणी केलंच असंल ना?"

"केलं असेल," मी म्हणालो.